आजोबांनी दिलेली माफी

“खटलाच चालला नाही, तर माफी कशाची देताय, बाबा?” डार्लीन आत्या म्हणाली. तिच्या हातात उलथनं होतं आणि ते आजोबांच्या नाकासमोर हलत होतं.

“झालेल्या आणि झालेल्या असू शकतील अशा सगळ्या गुन्ह्यांची,” आजोबा म्हणाले. “नेल्सला. संपूर्ण माफी. आता कॉफी दे.”

“मला नको माफी,” मी म्हटलं. “मी काही केलेलंच नाही.”

“तू गप्प बस,” दोघं एकदम म्हणाले. या दोघांचं वर्षभरात एकमत झालं असेल तर ते एवढंच.

चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची सकाळ होती. रिंताला घराण्यातले सगळे तळ्यावरच्या घरी जमले होते आणि आत्याची नवीकोरी बोट फुटलेली होती. बोट म्हणजे पाँटून. दोन लांब पिंपांवर तरंगणारा व्हरांडाच तो, वर छप्पर, खुर्च्यांना पेले ठेवायला भोकं. आत्यानं ती वसंतात घेतली आणि तेव्हापासून तिच्याबद्दल असं बोलायची की जणू पोरगी कॉलेजात पहिली आलीय. सकाळी बघते तर धक्क्याला तिरकी बांधलेली. डावं पिंप चेपलेलं आणि इंजिनाच्या पंख्याचं एक पातं कानासारखं दुमडलेलं.

आता तळ्यावर बारा महिने राहतं कोण? मी आणि आजोबा. मार्चमध्ये मी शाळा सोडली तेव्हापासून. बाप खनिज वाहणाऱ्या जहाजावर असतो, आई ग्रीन बे शहरात तिच्या नव्या नवऱ्याकडे. आजोबांना गेल्या ऑक्टोबरात झटका येऊन गेला. त्यांचा डावा हात अजून सांगितलेलं उशिरा ऐकतो, म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांना पाण्यावर जायची बंदी घातली होती. ड्वेन काकानं तर त्यांच्या पत्र्याच्या होडीचं इंजिन काढून शेडमध्ये कुलपात ठेवलं होतं. मग उरला कोण? शाळा सोडलेला पोरगा. लोकांना विचार करायला लागत नाही अशा वेळी.

आणि स्वैपाकघराच्या भिंतीवर घरच्या घटनेचं सातवं कलम होतं: दुसऱ्याची होडी न विचारता नेऊन मोडेल त्यानं पुढल्या चार जुलैपर्यंत या जागेत पाऊल ठेवू नये.

दुसऱ्या कुणाला हे म्हणजे एक सुट्टी बुडाली. मला म्हणजे घर गेलं. आणि मी गेलो की आजोबाही गेले, कारण आत्यानं त्यांना इथं ठेवलं होतं ते मी सोबत आहे म्हणून. नाहीतर मार्केट नावाच्या शहरात तिच्या घरातली मागची खोली तयारच होती. त्या खोलीच्या न्हाणीघरात फरशीवर गालिचा आहे. आजोबा त्या गालिच्याचं नाव काढताना असा चेहरा करतात की जणू त्यांना आत्ताच ओल्या मोज्यात पाय घालावा लागलाय.

भिंतीवरची घटना पणजोबांची. ऑस्करी रिंताला फिनलंडहून तांब्याच्या खाणीत आले आणि नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी त्यांनी या देशाची अख्खी घटना पाठ केली. खाणीत उतरताना, वर येताना, सॉनात म्हणजे वाफेच्या न्हाणीत, जेवताना. सगळी कलमं आणि तोवरच्या सगळ्या दुरुस्त्या. परीक्षेच्या दिवशी न्यायाधीशानं विचारलं, झेंड्यावर तारे किती? पणजोबांनी सांगितलं. न्यायाधीश म्हणाला, अभिनंदन, पुढचा. पणजोबा घरी आले ते असे चिडून की दोन दिवस जेवले नाहीत. अख्खी घटना डोक्यात आणि वापरायला जागा नाही. मग त्यांनी तळ्यावर हे घर बांधलं आणि स्वैपाकघराच्या फळ्यांवर रिंताला घराण्याची घटना रंगवून काढली. त्या दिवसापासून या घरात साधं भांडण झालेलं नाही. जे होतं ते घटनात्मक होतं.

ड्वेन काकानं शर्टाच्या खिशातून देशाच्या घटनेची छोटी पुस्तिका काढली. ती तो बंदुकीच्या परवान्याबरोबर ठेवतो. “माफीच्या अधिकाराला मर्यादा नाही,” तो म्हणाला. “फक्त महाभियोग सोडून. लिहिलंय तेवढंच वाचायचं. आपल्या ऑस्करी आजोबांनी चौथ्या कलमात शब्दाला शब्द तेच उतरवलंय.”

“गेल्या वर्षी?” आत्या म्हणाली. “गेल्या वर्षी मी सॉनात विजेची शेगडी आणली आणि बाबांनी मला माफी दिली, तेव्हा कोण ओरडत होतं, खटल्याआधी माफी म्हणजे राजेशाही म्हणून?”

“आणि तेव्हा कोण तासभर शिकवत होतं, गुन्हा घडल्यावर माफी कधीही देता येते म्हणून?”

“ती शेगडी होती, ड्वेन. ही बोट आहे.”

“हां. म्हणजे घटना वस्तू बघून बदलते.”

“बदलत नाही. वाढते. झाडासारखी.”

“कुणाच्या अंगणात वाढते ते बघतोय मी.”

काकाला माझ्याबद्दल प्रेम वगैरे नव्हतं. बोट आत्याची होती, एवढं त्याला पुरेसं होतं. त्याची बायको मार्सी मात्र पहिल्यापासून आत्याच्या बाजूनं, कारण पत्र्याच्या होडीत तिचे सगळे कपडे मासळीच्या वासाचे होतात आणि पाँटूनवर तिला गादीची खुर्ची कबूल झाली होती. काका वळून तिच्याकडे बघायला लागला तेव्हा ती टोमॅटो चिरत होती आणि चिरतच राहिली.

“मग मी महाभियोग आणते,” आत्या म्हणाली. “अधिकाराचा गैरवापर. बाबांना घरप्रमुख पदावरून काढा.”

“आण,” आजोबा म्हणाले. “कॉफी आण आधी.”

कोपऱ्यातून इंपी आजीनं सॉनाचा लाकडी डाव टेबलावर आपटला. ती आजोबांची धाकटी बहीण, वय एकोणऐंशी, घरची सरन्यायाधीश. खटला दुपारी, पास्टी (बटाटा-मांस भरलेली भलीमोठी करंजीच ती) खाऊन झाल्यावर, असं तिनं जाहीर केलं आणि पुन्हा विणायला लागली.

“मी माफी घेणार नाही,” मी परत म्हटलं. “न केलेल्याची माफी कोण घेतं?”

आत्यानं पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघितलं. “नको घेऊस,” ती म्हणाली. “तो हक्क आहे तुला. शंभर वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्राच्या संपादकानं खुद्द अध्यक्षाची माफी परत केली होती. सुप्रीम कोर्ट म्हणालं, बरोबर आहे त्याचं. माफी घेणं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखंच.” मग जरा थांबून, “मार्चमध्ये वर्गात थांबला असतास तर पुढचं पण कळलं असतं.”

माझं डोकं फिरलं. मी जाळीचं दार आपटून बाहेर गेलो.

आत्या आमच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. मी ज्या तासाला उठून गेलो तो तिचाच होता. सगळ्या वर्गासमोर तिनं मला विचारलं, “मिस्टर रिंताला, खिडकीबाहेर काही घटनात्मक चाललंय का?” मी म्हटलं, हो, लोक मोकळे फिरतायत. आणि दप्तर न घेता निघून गेलो. ते दप्तर अजून तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर आहे. ती ते शाळेत जमाही करत नाही आणि मला परतही देत नाही.

धक्क्यावर जाऊन मी बोटीला एक लाथ घालणार होतो, पण पाय उचलला तेवढ्यात दोर दिसला.

खुंट्याला दोर बांधायची आम्हा सगळ्यांची एकच पद्धत आहे, पण आजोबांच्या उजव्या हाताला पहिलं बोट नाही. ते खाणीत गेलं. त्यामुळे त्यांच्या गाठीचा फास बाहेरच्या बाजूला लोंबतो, कुत्र्याच्या जिभेसारखा. हा लोंबत होता.

मग मी खाली वाकून पिंप बघितलं. ओरखडा डाव्या अंगाला, लांब, आणि त्यात हिरवट शेवाळ चोपडलेलं. असं शेवाळ एकाच ठिकाणी आहे. तळ्याच्या वरच्या तोंडाला दोन खडक आहेत, त्यांच्या मधून एक वाट जाते. पणजोबांनी दाखवलेली. आजोबा लहानपणापासून तिथूनच जातात. पण पाणी उतरलंय गेली काही वर्षं. आता शहाणा माणूस खडकांना वळसा घालतो. तिथून बोट घालायची म्हणजे एक तर तळं माहीतच नसायला हवं, नाहीतर फार जुनं माहीत असायला हवं.

आजोबा सॉनापाशी लाकडं रचत बसले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

“तुम्ही गेला होतात.”

“कुठं?”

“आजोबा.”

त्यांनी एक लाकूड उचललं, बघितलं, ठेवलं. “सकाळी मासे वर येतात,” ते म्हणाले. “माझ्या होडीचं इंजिन ड्वेननं शेडमध्ये कोंडलंय. ही समोर होती. किल्ली तिच्या त्या भोकात, पेला ठेवायच्या.”

“मग स्वतःलाच माफी द्यायची ना.”

“त्यावर खूप विचार केला मी,” आजोबा म्हणाले, आणि खरंच केला असावा, कपाळावर आठ्या होत्या. “प्रमुखाला स्वतःला माफी देता येते का, हे माझ्या बाबांनी लिहिलंच नाही. देशाच्या घटनेतपण नाही. विद्वान लोक अजून भांडतायत. एवढी थोर माणसं ठरवू शकली नाहीत, मी काय न्याहारीच्या आधी ठरवणार?”

“म्हणून मला दिलीत.”

“तू समोर बसला होतास.”

मला हसू येत होतं आणि त्यांचा गळाही धरावासा वाटत होता. “एक तरी मासा मिळाला का?”

“दोन,” आजोबा म्हणाले. “खडकावर आपटल्यावर परत पाण्यात गेले.” मग जरा हळू आवाजात, “नेल्स, तिथं गालिचा आहे रे. न्हाणीघरात.”

तेव्हा तिकडे स्वैपाकघरात आत्या आणि मार्सी पास्टीच्या कडा मुडपत होत्या. मी तिथं नव्हतो. पण या घराच्या भिंती एकेरी फळीच्या आहेत आणि मार्सीच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे कोण काय म्हणालं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

“पोराला वर्षभर बाहेर काढणार तू?” मार्सी म्हणाली. “एका पंख्यासाठी?”

“मला त्याला काढायचंय असं कोण म्हणालं?”

“तूच तर सकाळपासून उलथनं नाचवतेयस.”

आत्यानं पीठ इतक्या जोरात दाबलं की बटाटा बाहेर आला. “मला खटला हवाय, मार्सी. साक्ष हवी. खरं काय ते एकदा या टेबलावर कुणीतरी मोठ्यानं बोललेलं हवंय. माफी दिली की सगळं झाकलं जातं. मी आठ वर्षांची होते तेव्हा एका अध्यक्षानं आधीच्या अध्यक्षाला अशीच माफी दिली. आजोबा ऑस्करी रेडिओ बंद करून तळ्यात जाऊन उभे राहिले, गुडघाभर पाण्यात, बूट घालून. म्हणाले, आता काय झालं होतं ते कधीच कळणार नाही.”

“म्हणजे नेल्सनं नाही केलं?”

“मी असं म्हणाले नाही,” आत्या म्हणाली. मार्सी सांगते की त्यानंतर तिनं एकाच पास्टीची कड तीनदा मुडपली.

दुपारी सगळे टेबलाशी उभे राहिलो. प्रस्तावना म्हटल्याशिवाय या घरात कुणी घास घेत नाही. “आम्ही रिंताला लोक, अधिक परिपूर्ण घर घडवण्यासाठी,” काका खड्या आवाजात, आजोबा अर्ध्या फिनिशमध्ये, मार्सी नुसते ओठ हलवत. पास्टी गार झाली. ती इथं नेहमीच गार असते. गरम पास्टीची चव कशी लागते ते मला शाळेच्या खानावळीत कळलं.

खाणं झाल्यावर इंपी आजीनं डाव आपटला. “महाभियोग आधी की पोरगा आधी?”

“पोरगा,” काका म्हणाला. “त्यानं माफी घेतली तर खटलाच संपतो. सोपं आहे.”

“आणि नाही घेतली तर?” मी विचारलं.

“तर सुनावणी,” आत्या म्हणाली. “पुरावे बघायचे. आपण सगळे धक्क्यावर जायचं, बोट बघायची, दोर बघायचा. तुला गप्प राहायचा हक्क आहे. पाचवी दुरुस्ती. पण बाकीच्यांना डोळे आहेत.”

दोर म्हणताना ती माझ्याकडे बघत होती. आजोबा हातातल्या मीठदाणीकडे.

तेव्हा मला कळलं की मी सकाळी जेवढ्यांदा “नको माफी” म्हणून ओरडलो, तेवढ्यांदा आजोबांना धक्क्याकडे ढकलत होतो. मला शिव्या घालायला येतात, भांडायला येतं, मारामारी येते. मान खाली घालायला कधी जमलेलं नाही, न केलेलं कबूल करायला तर नाहीच. शाळा त्यामुळेच सुटली.

“घेतो,” मी म्हटलं.

“काय?”

“माफी. घेतो मी.”

काकानं टेबलावर थाप मारली. “झालं. खटला संपला. लिहिलंय तेवढंच वाचायचं, सांगत होतो मी.”

“संपला,” आत्या म्हणाली. तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मला वर्गातून चांगलं माहीत आहे. “आता पुढचं, जे तू ऐकलं नाहीस. त्या संपादकानं माफी परत का केली, माहितीय? कारण माफी घेतली की शिक्षेची भीती गेली. भीती गेली की गप्प राहायचा हक्कपण गेला. मग त्याला सांगावं लागलं असतं, बातमी कुणी दिली ते. त्याला ते नाव सांगायचं नव्हतं.” तिनं खुर्ची पुढं ओढली. “तुला आता काही भीती नाही, नेल्स. सांग. कुठल्या वाटेनं गेलास?”

मी ड्वेन काकाकडे बघितलं. तो पुस्तिका उलटीसुलटी करत होता. “यात आहे का असं काही?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “पण कोर्टाचं आहे बहुतेक.” आणि वाईट वाटल्यासारखं बघून, “कोर्टाचं मी वाचत नाही.”

“कुठल्या वाटेनं?” आत्या.

‘वळसा घालून’ म्हटलं असतं तर पिंपावरचं शेवाळ खोटं बोलणार नव्हतं.

“दोन खडकांच्या मधून,” मी म्हटलं.

“मधून. पाणी उतरलंय हे तुला माहीत नाही?”

“माहितीय.”

“मग?”

“पणजोबांनी दाखवलेली वाट आहे,” मी म्हटलं. “मला वाटलं, एकदा आखून दिली ती दिली. पाणी बदललं तरी.”

आजोबांनी मीठदाणी खाली ठेवली.

आत्यानं टेबलावरचे पास्टीचे कण एका ठिकाणी गोळा केले. मग म्हणाली, “ड्वेन, हा तुझ्या बाजूचा झाला.” आणि काका खरंच खूश झाला, त्या गड्याला काहीच कळलं नव्हतं.

“सरन्यायाधीश,” आजोबा एकदम म्हणाले. उजव्या हातानं टेबलाची कड धरून ते उठले. “मला निवेदन करायचंय.”

“बसा, बाबा,” आत्या म्हणाली.

“नाही, डार्लीन. ती बोट...”

“बाबा. बसा.” तिचा आवाज असा आला की इंपी आजीच्या सुया थांबल्या. “महाभियोग मागे घेतला मी. तुम्ही माफी दिलीत, ठीक. पण माफीला अट घालता येते. देशाच्या अध्यक्षांनी शंभरदा घातलीय. तर अट अशी. या धक्क्यावरून तुमची होडी सुटेल तेव्हा नेल्स तिच्यात असेल. दरवेळी. पहाटे असो नाहीतर बर्फ पडायच्या आदल्या दिवशी. ड्वेन इंजिन बाहेर काढेल. आणि नेल्स नसताना होडी हलली, तर त्याची माफी रद्द. सातवं कलम लागू. मग तो तिकडे आणि तुम्ही मार्केटला.”

“ही कसली अट?” काका म्हणाला. “बोट पोरानं फोडली आणि इंजिन बाबांना परत? कुठं लिहिलंय हे?”

“मतदान,” इंपी आजी म्हणाली. मार्सीनं हात वर केला. आजोबांनी केला. आत्यानं केला. काका मार्सीकडे बघत राहिला, तिनं त्याच्याकडे न बघता त्याचं कोपर खालून वर ढकललं. तेही मत धरलं गेलं.

“आणि दुसरी अट,” आत्या म्हणाली. “उन्हाळाभर मंगळवारी माझ्या टेबलाशी बसायचं. त्या संपादकापासून सुरुवात.”

“हे मला मान्य नाही,” मी म्हटलं.

“माफी घेतलीस,” आत्या म्हणाली. “अटींसकट येते ती.”

मी भांडी विसळत होतो तेव्हा ती टॉवेल घेऊन शेजारी आली. खूप वेळ एकच ताट पुसलं तिनं. मग म्हणाली, “सहा वर्षांची होईपर्यंत माझ्या बुटाच्या नाड्या तेच बांधायचे. फास नेहमी बाहेर लोंबायचा. शाळेत पोरं हसायची मला.”

मी नळ बंद केला.

“सकाळी दोर बघितल्या बघितल्या कळलं मला,” ती म्हणाली. “मला फक्त त्यांनी स्वतः सांगायला हवं होतं. सांगायला उठले, आणि मलाच ऐकवेना.” तिनं ताट फळीवर ठेवलं. “तुझं दप्तर गाडीत आहे. मंगळवारी लागेल.”

ते चार दिवसांपूर्वीचं. दप्तर मी अजून आणलेलं नाही. पाँटून दुरुस्तीला गेलीय, मार्सी रोज फोन करून खुर्च्यांची चौकशी करते. ड्वेन काकाला अजून वाटतं, खटला तो जिंकला. आणि आजोबांनी काल मला विचारलं की होडी ‘सुटेल तेव्हा’ म्हणजे नेमकं कधी, दोर सोडल्यावर की इंजिन चालू झाल्यावर, पणजोबा असते तर काय म्हणाले असते. मी म्हटलं, पणजोबा गेले, अट आत्याची आहे. ते म्हणाले, बघू, वाचनावर असतं.

आता बाहेर उजाडतंय. आत्ताच धक्क्यावर डबा खणखणला, आणि दोर पाण्यात पडल्यासारखा आवाज झाला. इंजिन एकदा खोकलं. दुसऱ्यांदा खोकलं. मला निघायलाच हवं, बूट हातात घेऊन.